मांसाहारी डब्यांच्या खणात सत्यनारायण

माझ्या नवऱ्याला अजूनही वाटतं की मी दिवसभर कॉम्प्युटरवर पत्ते खेळते. घरी कुणी आलं आणि "वहिनी काय करतात हल्ली?" असं विचारलं की हे गंभीर चेहरा करून सांगतात, "ती? ती खण लावते." बरोबरच आहे म्हणा. मी खण लावते. फक्त माझे खण लाकडाचे नाहीत, आणि मी त्यांत जे ठेवते ते हाताला लागत नाही. पण कुवेतमधल्या मराठी माणसाला काही हवं असलं, इकाम्याचा म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचा अर्ज असो, पोरांची शिकवणी असो, नाहीतर पिठाची गिरणी असो, तो आधी माझा खण उघडून बघतो. जरा फुगवून सांगतेय. निम्मी माणसं म्हणा. पण निम्मी तरी नक्की!

मी मूळची परभणीची. शिक्षण म्हणाल तर बी. ए., तेही मराठी घेऊन. यांची कुवेत सिटीत नोकरी, म्हणून आले, आणि काही वर्षं घरात बसून कंटाळल्यावर राई नावाच्या भागातल्या एका टाइल्स आणि नळांच्या शोरूममध्ये काउंटरवर लागले. तिथेच हे वेड सुरू झालं. नळ बघायला आलेला आपला माणूस नळ बघून झाला की हळूच विचारायचा, "ताई, इथं बाळाचं जावळ कुठं काढतात?" "वहिनी, बायकोचा व्हिसा करायचाय, फॉर्म कुठल्या वेबसाइटवर मिळतो?" मी पावतीपुस्तकामागे एक वही ठेवली. मग दोन. मग चार झाल्या, आणि कुणी काही विचारलं की चारही चाळत बसायची पाळी आली. गिऱ्हाईक ताटकळतंय, मालक डोळे वटारतोय, आणि मी जावळ शोधतेय.

आमचा निनाद कॉलेजला परदेशी गेला तेव्हा त्याच्या खोलीत एक जाडजूड पुस्तक राहिलं होतं. पीएचपी आणि मायएसक्यूएल. वेबसाइटचे प्रोग्रॅम लिहायची आणि माहिती साठवायची विद्या. धूळ पुसायला म्हणून उचललं आणि उघडलं, तर तिसऱ्या पानावर वाक्य होतं: जी माहिती पुन्हापुन्हा लागते ती एकदाच नीट मांडून ठेवा. म्हणलं, अगं बाई, हे तर माझ्या वह्यांबद्दल लिहिलंय! त्या दिवशी भाजी करपली ती करपलीच. पुढच्या आठ महिन्यांत अजून बऱ्याच करपल्या.

आता हे काम असतं काय ते सांगते, घाबरू नका. तुम्ही माझ्या वेबसाइटवरच्या यादीत "डॉक्टर" या खणाला बोट लावता. त्याच्या आत "दातांचे" हा छोटा खण. त्याला बोट लावलं की पान उघडतं. तुम्हाला वाटतं, हे पान तिथं लिहून ठेवलेलं होतं. मुळीच नाही! तुम्ही बोट लावलंत तेव्हा तिकडे लांब सर्व्हर नावाच्या मशीनवर माझा प्रोग्रॅम जागा झाला, डेटाबेसच्या कपाटात गेला, दातवाल्यांच्या सगळ्या लिंका काढल्या, अकारविल्हे लावल्या आणि तुमच्यापुढे वाढल्या. डब्यातली सकाळची पोळी वेगळी आणि तव्यावरची वेगळी. माझं प्रत्येक पान तव्यावरचं. पहिलं पान असं तयार होऊन पडद्यावर आलं तेव्हा मी यांना ऑफिसात फोन केला. म्हणलं, "अहो, आलं!" हे म्हणले, "कोण आलं?"

निनादला दाखवलं. तो तिकडून म्हणाला, "आई, हू यूजेस अ डिरेक्टरी नाऊ? पीपल जस्ट सर्च." म्हणलं, बाळा, सर्च करून मिळतं ते सगळ्या जगाचं. फहाहीलमध्ये जावळ कोण काढतं हे तुझ्या सर्चला ठाऊक आहे का?

गिऱ्हाइकं एकेक अशी की काय सांगू. एका गॅरेजवाल्याला माझी यादी अकारविल्हे लागते हे कळलं. त्याने दुकानाचं नाव "अजिंक्य" असं कळवलं. आठ दिवसांनी दुसऱ्याने "अंकुश" कळवलं. मग पहिल्याचा फोन: "मावशी, माझं आता 'अ अजिंक्य' करा." म्हणलं, "उद्या तो 'अ अ अंकुश' करील, मग काय दोघं मिळून बाराखडी म्हणत बसाल?" एका गृहस्थांनी भाच्याची स्थळासाठीची माहिती पाठवली आणि खण निवडला "जुन्या वस्तू". भाचा पस्तिशीचा होता, पण म्हणून काय!

आणि लिंका मरतात. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आज चालणारी लिंक उद्या उघडत नाही. दुकान बंद होतं, कार्यालय आपली वेबसाइट बदलतं, कुणी कायमचं मायदेशी निघून जातं. रोज सकाळी चहा घेता घेता मी एक प्रोग्रॅम चालवते, तो सगळ्या लिंकांची दारं वाजवून येतो. जिथून उत्तर नाही ती लाल होते. लाल लिंक काढताना मला अजूनही बरं वाटत नाही. कुणाचा तरी डबा बंद झाला, कुणाची तरी शिकवणी संपली. पण नाही काढली तर यादीवरचा भरवसा जातो, आणि यादीपाशी भरवशाशिवाय आहे काय?

एवढं सगळं नीट चाललं होतं म्हणून मला जरा घमेंड आली होती. ती कशी उतरली ते सांगायलाच खरं तर हा लेख.

सकीना म्हणून एक बाई आहे. रत्नागिरीकडची. फहाहीलला राहते, नवरा राईत एका गोदामात सुपरवायझर होता. गेल्या वर्षी ते गोदाम बंद पडलं. त्याला दुसरीकडे काम लागलं, पण पहिल्यापेक्षा बरंच कमी पगाराचं. सकीनाने घरून जेवण करून द्यायला सुरुवात केली, इन्स्टाग्रामवर "सकीना किचन" नावाचं पान काढलं आणि माझ्या यादीत घाला म्हणून फॉर्म भरून पाठवला. मी घातलं. तीन महिन्यांनी एगैलाच्या मॉलमध्ये जिन्यापाशी गाठ पडली. हातात पिशव्या, बरोबर मुलगी शिफा, कानात काहीतरी घातलेलं, मान खाली.

"काकी, रागावू नका, एक विचारू?" सकीना म्हणली. "तुमी माजं नाव यादीत टाकलंत, पन एक फोन नाय आला वो. एक सुदा नाय."

"असं कसं होईल?" म्हणलं. "शेकड्यांनी माणसं बघतात माझी यादी."

"बगत असतील. माज्यापर्यंत कोन येत नाय." मग मुलीकडे बघून आवाज खाली आणला. "शिफा बारावीला हाय. तिचे अब्बा म्हनतात, सप्टेंबरपर्यंत बगू. नाय जमलं तर तुमी दोघी गावी जावा, मी इथं खोली घेऊन ऱ्हातो. आता बारावीचं अर्दं वर्स इथं आनि अर्दं तिथं, कोन घेनार तिला?"

शिफाच्या कानात ते काहीतरी होतं खरं, पण तिला सगळं ऐकू येत होतं. म्हणली, "अम्मी, लीव्ह इट ना." आणि पुढे चालायला लागली.

मी घरी येऊन पहिल्यांदा लिंकांचे आकडे काढले. प्रत्येक लिंक कितीदा उघडली हे माझा प्रोग्रॅम मोजतो. सकीना किचन: तीन. त्यातल्या दोनदा मीच उघडली होती, बरोबर लागली का बघायला.

मग तिचा फॉर्म काढला. "काय बनवता?" या रकान्यात तिने लिहिलं होतं: मासे, मटण, घावन, सांदणं, पुरणपोळी, उकडीचे मोदक, दिवाळीचा फराळ. आणि मी तिला ठेवलं होतं कुठे? चौदा नंबरच्या खणात. मांसाहारी डबे. तिथं आधीच एकोणीस जण होते आणि ती सगळ्यात शेवटी.

मी तिला फोन करून सांगितलं की बाई, माझ्या प्रोग्रॅममध्ये एका लिंकला एकच खण असतो. टेबलात, म्हणजे माहितीच्या तक्त्यात, खणाच्या नंबराचा रकानाच एक आहे. एकात ठेवलं की दुसऱ्यात नाही ठेवता येत.

ती म्हणली, "काकी, घरात मी एकच काम करते व्हय?"

हसले मी. पण ते वाक्य कुसळासारखं राहिलं. दोष प्रोग्रॅमचा होताच. पण एकच खण द्यायचा तर तो मोदकांचाही देता आला असता, फराळाचाही. प्रोग्रॅमने फक्त "एक" म्हणलं होतं. "चौदा" मी म्हणले होते. नाव वाचलं, "सकीना", आणि पुढचा रकाना पुरता वाचायच्या आधीच हात चौदावर गेला होता. वीस वर्षं या देशात तऱ्हेतऱ्हेच्या माणसांत राहून!

दुरुस्ती मला ठाऊक होती. लिंकांचं टेबल वेगळं, खणांचं वेगळं, आणि मधे एक तिसरं टेबल, ज्यात नुसत्या जोड्या लिहायच्या: ही लिंक या खणात, हीच लिंक त्या खणातही. मग एक बाई सात खणांत राहू शकते. पण त्यासाठी निम्मा प्रोग्रॅम उसवावा लागणार होता. म्हणलं, गणपती झाले की बघू. गणपती झाले की सप्टेंबरातलं उरणार काय होतं, हा विचार मी केला नाही. तो करायला हवा होता.

गणपतीच्या आधीचा आठवडा म्हणजे माझ्या यादीवर नुसती झुंबड. मूर्ती, दूर्वा, मखर, गुरुजी. त्या मंगळवारी सकाळी एक बिर्याणीवाला चुकून "इतर" मध्ये पडला होता, त्याला चौदात हलवायचं होतं. तसं बदल करायचं एक सरळ पान मी बनवलेलं आहे, त्यात चूक होऊच शकत नाही. पण ते सावकाश चालतं, आणि मला तर घाई! म्हणून मी थेट डेटाबेसच्या खिडकीत हुकूम लिहिला. पहिल्या ओळीत: लिंकांचा खण चौदा कर. दुसऱ्या ओळीत त्याचं शेपूट, व्हेअर: फक्त या बिर्याणीवाल्याचा. सगळा जीव त्या शेपटात असतो. आणि मी माउसने पहिलीच ओळ निवडली आणि बटण दाबलं.

उत्तर आलं: तीनशे बेचाळीस ओळी बदलल्या.

एक बिर्याणीवाला. तीनशे बेचाळीस ओळी.

यादी उघडून बघितली. डॉक्टर: रिकामा. शिकवणी: रिकामा. इकामा आणि कागदपत्रं: रिकामा. आणि मांसाहारी डबे: गच्च! त्यात दातांचे डॉक्टर, त्यात भरतनाट्यम्, त्यात विमानाची तिकिटं, त्यात जावळ काढणारे. मी ताडकन उभी राहिले, परत बसले, परत उभी राहिले. जुनी प्रत होती, शुक्रवारची. पण शनिवार ते मंगळवार मी गणपतीच्या किती नव्या नोंदी केल्या होत्या! त्या एकेक हाताने लावायच्या म्हणजे दुपार नक्की.

तोवर फोन सुरू झाले. पहिला देशपांड्यांचा. देशपांडे म्हणजे बँकेत नोकरी आणि शुक्रवार-शनिवार या इथल्या सुट्टीला पूजा सांगतात, आमचे सगळ्यांचे गुरुजी.

"वहिनी, मी मांसाहारी डब्यांत काय करतोय?"

"गुरुजी, तुम्ही एकटे नाही, सगळेच आहेत."

"ते बघितलं मी. पण माझाच फोटो फिरतोय ना! चार ग्रुपवर आला. खाली कुणीतरी लिहिलंय, 'गुरुजी, प्रसाद सुका की रश्श्याचा?'"

मला हसू आवरेना, आणि रडूही आवरेना. तासाभरात अख्ख्या कुवेतभर तो पडद्याचा फोटो गेला. त्याने झालं असं की ज्यांनी जन्मात कधी माझी यादी उघडली नव्हती तेही उघडायला लागले, आणि सगळे एकच खण उघडायला लागले. चौदा.

अकराच्या सुमारास देशपांड्यांचा परत फोन. म्हणलं, आता काय?

"वहिनी, अकारविल्हे यादीत माझ्या 'सत्यनारायण पूजा'च्या बरोबर वर एक 'सकीना किचन' आहे."

"आहे. ती बिचारी तिथली मूळचीच."

"ती उकडीचे मोदक करते असं तिच्या पानावर लिहिलंय. खरं आहे का हो?"

मी नोंदी लावता लावता थांबले. "का?"

"का म्हणजे? पाच घरच्या गणपतींच्या पूजा-नैवेद्याचं माझ्याकडे आहे. गेली सहा वर्षं आम्ही बाप्पाला ते फ्रीजरमधले तडे गेलेले मोदक दाखवतोय. तो काही बोलत नाही म्हणून काय झालं!"

मी म्हणलं, "गुरुजी, मी काही सांगणार नाही. जाऊन खाऊन बघा."

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर गाडी काढून दोघं नवरा-बायको फहाहीलला गेले. पुढचं मला सकीनाने सांगितलं. देशपांडे वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, आणि आडून विचारायचं सोडून सरळच विचारलं, "भांडी वेगळी आहेत का हो?" सकीना म्हणली, "वेगळीच हायत. मोदक उकडायचा चाळवा मी गावाहून आनलाय, त्यात दुसरं काय कदी शिजलं नाय. आमच्या शेजारी जोगळेकरीन काकी होत्या, गनपतीत शंभर मोदक, आनि कळ्या पाडायला आमी पोरी. वाकडी कळी पडली की मोदक परत मोडायला लावायच्या." तोवर उकड मळून झाली होती. देशपांडे वहिनींनी पदर खोचला आणि त्याही बसल्या. त्यांच्या तीन कळ्या होईतो सकीनाचा मोदक पुरा.

रात्री जेवणाच्या वेळी देशपांड्यांचा मेसेज आला. शब्द एकच: "आहाहा."

त्या गणपतीत पाच घरांचे मोदक सकीनाकडून गेले. त्या पाच घरांत जेवायला आलेल्यांनी विचारलं, "कुणी केले?" मग गौरीच्या पुरणपोळ्या. मग गौरी-गणपती गेल्यावर मासे खायला मोकळे झालेले सगळे! मी त्यानंतरच्या शुक्रवारी आकडा काढला. सकीना किचन: सहाशे अकरा. माझ्या दोन सोडून.

मी मात्र त्या दिवशी दुपारी नोंदी नीट लावून झाल्या तशी उठले नाही. म्हणलं, आता गणपती झाल्यावर नाही, आत्ता. ते तिसरं टेबल बांधायला घेतलं. चार दिवस लागले. यांनी चार दिवस खिचडी खाल्ली आणि तक्रार केली नाही, उलट विचारलं, "कुठवर आलं?" फॉर्मही बदलला. आधी पहिला प्रश्न होता, "तुमचा खण कोणता?" आता आहे, "तुम्ही काय काय करता?" आणि पुढे चौकटी, हव्या तितक्यांवर खूण करा. पहिला फॉर्म मी सकीनाला उघडून दिला. तिने सहावर खुणा केल्या. मग मान वाकडी करून म्हणली, "शिवन बी टाकू काय? ब्लाउज शिवते मी." सात!

लोकांचं बघून मलाच नवल वाटायला लागलं. दातांचे डॉक्टर तबला शिकवतात हे मला माहीत नव्हतं. गॅरेजवाला अजिंक्य मखर बनवतो. वर्षानुवर्षं मी या माणसांना एकेका खणात कोंबून, वरून झाकण लावून, "नीट लावलंय" म्हणून खूश होत होते.

सप्टेंबर संपला. सकीनाच्या नवऱ्याने तिकिटांचा विषय काढला नाही. ऑक्टोबरात तिने फराळाच्या ऑर्डरी घेणं मधेच बंद केलं, हात पुरेनात म्हणून. मार्चमध्ये शिफाने बारावीची परीक्षा इथेच, तिच्या शाळेत, तिच्या मैत्रिणींबरोबर दिली. पेपर संपले त्या दिवशी ती एकटीच घरी आली, डबा घेऊन. त्यात घावन आणि नारळाचा रस. दारातच म्हणली, "काकी, अम्मी सेड थँक यू." मग जरा घुटमळली आणि मराठीत म्हणली, "मी पन म्हनते."

मी तिला म्हणलं, थँक यू त्या माउसला म्हण, पहिल्याच ओळीवर थांबलेल्या.

त्या मंगळवारी मी सगळ्या ओळी परत जागेवर लावल्या असं म्हणलं ना, ते पुरतं खरं नाही. बिर्याणीवाल्याची चौदातच हवी होती, ती सोडून तीनशे चाळीस लावल्या. एक तशीच चौदात ठेवलीय, मुद्दाम. "विमल काकू – यादीची देखभाल" ही ओळ, माझ्या नंबरासकट. मी स्वतः अंडंसुद्धा न खाणारी, आणि मांसाहारी डब्यांच्या खणात बसलेय, सकीनाच्या बरोबर वर. रोज सकाळी यादी तपासताना ती ओळ दिसते आणि हात जरा सावकाश चालतो.

त्यामुळे महिन्याला एखादा फोन येतोच. परवाही आला. नुकता कुवेतला उतरलेला कुणी, आवाज कोवळा, घरची आठवण आलेली. "काकू, तुमच्याकडे मटणाचा डबा मिळेल का?"

म्हणलं, "माझ्याकडे नाही रे. एक ओळ खाली बोट लाव."